‘गेट’ हे इंग्रजी क्रियापद: अर्थ, उगम आणि वापर शिकण्याच्या पायऱ्या

इंग्रजी नव्याने शिकणारा मराठी माणूस ‘गेट’ या क्रियापदासाठी शब्दकोश उघडतो, तेव्हा मिळणे, मिळवणे, आणणे, पोहोचणे, होणे, कळणे, करवून घेणे अशी न संपणारी अर्थांची यादी त्याच्यासमोर येते. ती पाठ केली तरी प्रत्यक्ष बोलताना त्यातला कोणता अर्थ उचलायचा हे समजत नाही, आणि मग पुष्कळ जण हे क्रियापद टाळून त्याऐवजी अवघड, पुस्तकी शब्द वापरू लागतात. ही वाट चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ‘गेट’चा अर्थ त्याच्या पोटात नसतो, त्याच्या पुढे काय येते यावर तो ठरतो. पुढे नाम आले तर एक अर्थ, विशेषण आले तर दुसरा, ठिकाण आले तर तिसरा, दुसरे क्रियापद आले तर आणखी निराळा. विशेष म्हणजे या प्रत्येक रचनेसाठी मराठीत रोजच्या वापरातली चपखल क्रियापदे आहेत: मिळणे, होणे, पोहोचणे, करून घेणे, करायला मिळणे. म्हणून अर्थांची यादी बाजूला ठेवून एकेक रचना शिकत जावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: उच्चार आणि रूपे

देवनागरीत लिहिताना ‘गेट’ म्हणजे फाटक आणि ‘गेट’ म्हणजे हे क्रियापद, हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. इंग्रजीत मात्र त्यांचे स्पेलिंगही वेगळे आहे आणि उच्चारही. क्रियापदातला ‘ए’ आखूड आणि झटकन तोडलेला असतो. फाटकातला ‘ए’ लांब असून त्याच्या शेवटी ‘इ’ची छटा येते, जवळजवळ ‘गेइट’ अशी. आपण मराठीत बोलताना हा फरक करत नाही, त्यामुळे तो कानाला मुद्दाम शिकवावा लागतो. या दोन शब्दांचे मूळही एक नाही. या लेखात जिथे जिथे ‘गेट’ येईल तिथे क्रियापदच समजावे.

रूपे थोडीच आहेत. वर्तमानकाळी ‘गेट’ आणि ‘गेट्स’, भूतकाळी ‘गॉट’, चालू क्रियेसाठी ‘गेटिंग’, ज्याच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ दोनदा येतो. भूतकाळवाचक धातुसाधित, म्हणजे ‘हॅव’नंतर येणारे तिसरे रूप (पास्ट पार्टिसिपल), ब्रिटनमध्ये ‘गॉट’ आणि अमेरिकेत बहुधा ‘गॉटन’ असे असते. पहिली चूक इथेच होते. ‘डिड’ आले की भूतकाळ त्यानेच दाखवलेला असतो, म्हणून पुढे मूळ रूप हवे: ‘डिड यू गेट माय मेसेज?’ हे बरोबर आणि ‘डिड यू गॉट माय मेसेज?’ हे चूक. ‘आय डिडन्ट गेट इट’ हे वाक्यही याच नियमाने बनते. हे एक वळण जिभेला लागले की सुरुवातीच्या निम्म्या चुका आपोआप थांबतात.

दुसरी पायरी: शब्द कुठून आला

व्युत्पत्ती ही पंडितांची चैन आहे असे समजून ही पायरी गाळू नये, कारण ‘गेट’चे इतके अर्थ कसे झाले याचे उत्तर तिच्यात आहे.

इंग्रजीच्या जुन्या अवस्थेत या धातूचे स्थानिक रूप होते, पण ते सुटे असे जवळजवळ वापरात नव्हते. उपसर्ग लागूनच ते येत असे, आणि त्यातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’सारखा मृदू होता. इ. स. ७९३मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांनी हल्ला केला. ८६५मध्ये त्यांचे मोठे सैन्य उतरले आणि त्यानंतरच्या काही दशकांत डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये कायमचे वस्तीला राहिले. या मुलखाला पुढे ‘डेनलॉ’ असे नाव मिळाले. शेजारी राहून, व्यवहार करून, सोयरिकी जुळवून दोन्ही भाषा एकमेकींत मिसळल्या, आणि त्या लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेतून ‘टेक’, ‘दे’, ‘एग’, ‘स्काय’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘हजबंड’ असे अगदी घरगुती शब्द इंग्रजीत आले. त्याच ओघात ‘गेता’ हे नॉर्स क्रियापद आले आणि कठोर ‘ग’सह ‘गेट’ म्हणून स्थिरावले. परक्या भाषेतून वस्तूंची नावे येणे नेहमीचे आहे. क्रियापदे आणि ‘दे’सारखी सर्वनामे येणे मात्र फार जवळच्या सहवासाची खूण असते.

त्याआधीचा माग आणखी मागे जातो. भारत-युरोपीय भाषाकुळात ‘पकडणे, हाती धरणे’ अशा अर्थाचा एक धातू मानला जातो. जर्मानिक भाषांमध्ये त्यापासून ‘गेट’चे पूर्वज निघाले, तर लॅटिनमध्ये ‘प्रेहेंदेरे’, म्हणजे पकडणे, हे क्रियापद निघाले. या लॅटिन शाखेतून इंग्रजीला ‘कॉम्प्रिहेंड’, ‘प्रिझन’ आणि ‘सरप्राइज’ हे शब्द मिळाले. म्हणजे ‘आय गेट इट’ म्हणणारा आणि ‘आय कॉम्प्रिहेंड इट’ म्हणणारा, दोघेही एकाच जुन्या धातूच्या दोन फांद्यांवरून बोलत असतात. पकडणे या अर्थाकडून समजणे या अर्थाकडे झालेली ही उडी मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. ‘ग्रहण करणे’ यातही घेणे आणि समजणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, जरी त्या शब्दाचे मूळ वेगळे असले तरी.

मूळ अर्थ ‘हाती येणे’ असा धरला की बाकीचे अर्थ कसे फुटत गेले हे दिसू लागते. वस्तू हाती आली तर मिळाली. ठिकाण हाती आले तर पोहोचलो. एखादी अवस्था हाती आली तर तसे झालो. म्हणणे हाती आले तर कळले. ‘फर्गेट’ म्हणजे विसरणे याच कुळातले आहे. त्यातला ‘फर’ हा उपसर्ग हातातून निसटल्याचा भाव देतो. ‘बिगेट’ म्हणजे प्रजा उत्पन्न करणे, हेही याच कुळातले. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळीत ‘बिगॅट’ हे त्याचे जुने भूतकाळी रूप ओळीने येत राहते.

तिसरी पायरी: पुढे नाम आले तर ‘मिळणे’

‘आय गॉट अ लेटर’, ‘शी गॉट अ जॉब’, ‘वी गॉट द टिकेट्स’ ही सर्वांत सोपी रचना आहे. तिचा मराठी अर्थ मिळणे, मिळवणे किंवा आणणे. ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे मला पाणी आणून दे. इथे अर्थ समजायला अडचण नाही. अडचण आहे ती कर्त्याची, आणि ती इतकी मूलभूत आहे की या पायरीवर सावकाश थांबावे.

मराठीत ‘मिळणे’ या क्रियेचा कर्ता मिळणारी वस्तू असते. ‘मला पत्र मिळाले’ या वाक्यात ‘मिळाले’ हे रूप ‘पत्र’ या नपुंसकलिंगी शब्दाप्रमाणे चालते. चिठ्ठी असती तर ‘मिळाली’ झाले असते. ज्याला मिळते तो माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीत हे उलट आहे. तिथे माणूस कर्त्याच्या जागी येतो आणि वस्तू कर्म होते. म्हणून मराठी वाक्याचा साचा तसाच ठेवून शब्द बदलले की वाक्य मोडते.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘इथे चांगली वांगी मिळतात.’ या वाक्यात माणूस नाहीच, फक्त वांगी आहेत, आणि तीच कर्ता आहेत. शिकणारा म्हणतो, ‘गुड ब्रिंजल्स आर गेटिंग हिअर.’ इंग्रजी कानाला हे वाक्य अर्धवट वाटते. वांग्यांना इथे काहीतरी मिळते आहे, पण काय मिळते ते सांगायचे राहून गेले, असा त्याचा अर्थ निघतो. दुरुस्तीसाठी ज्याला मिळते तो माणूस शोधून वाक्याच्या तोंडाशी आणावा लागतो. मराठीत तो गृहीत आहे, कोणालाही मिळतात. इंग्रजीत असा ‘कोणीही’ दाखवण्यासाठी ‘यू’ वापरतात: ‘यू गेट गुड ब्रिंजल्स हिअर.’ अशीच दुरुस्ती ‘नेटवर्क मिळत नाही’ या वाक्याची: ‘नेटवर्क इज नॉट गेटिंग’ नव्हे, तर ‘आय ॲम नॉट गेटिंग अ सिग्नल’. नियम म्हणून इतकेच लक्षात ठेवावे की मराठी वाक्यात ‘मला, तुला, तिला, आम्हाला’ दिसले की इंग्रजीत त्यांच्या जागी ‘आय, यू, शी, वी’ येतात आणि वस्तू ‘गेट’च्या नंतर जाते.

आजारांबाबतही हाच साचा चालतो. ‘मला सर्दी झाली’ हे ‘आय गॉट अ कोल्ड’ असे होते. मात्र ‘मला ताप येतोय’ यासाठी ‘आय ॲम गेटिंग फीव्हर’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, त्याऐवजी ‘आय हॅव अ फीव्हर’ म्हणावे.

कळणे या अर्थाने ‘गेट’ वापरताना चालू काळ टाळावा. ‘मला कळत नाहीये’ याचे शब्दशः रूप म्हणून ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ हे वाक्य भारतात रुळले आहे आणि आपल्या माणसांत ते चालूनही जाते, परंतु भारताबाहेरच्या श्रोत्याला ते खटकते. फोनवर शब्द नीट ऐकू आला नसेल तर ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’, आणि मुद्दाच उमगला नसेल तर ‘आय डोन्ट गेट इट’ अशी वाक्ये वापरावीत.

चौथी पायरी: पुढे विशेषण आले तर ‘होणे’

‘गेट टायर्ड’, ‘गेट अँग्री’, ‘गेट वेट’, ‘गेट बेटर’ या रचनेत ‘गेट’ म्हणजे होणे, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे. ‘बी’ स्थिती सांगते आणि ‘गेट’ बदल सांगते, हा भेद मनात पक्का करावा. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे मी दमलेलो आहे. ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी दमलो. मराठीत ‘तिचे लग्न झाले आहे’ आणि ‘तिचे लग्न मे महिन्यात झाले’ या दोन्ही वाक्यांत ‘झाले’ येते. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘शी इज मॅरिड’ आणि दुसऱ्यासाठी ‘शी गॉट मॅरिड इन मे’ असे वेगवेगळे म्हणावे लागते. कोणाशी लग्न झाले हे सांगताना ‘मॅरिड’च्या पुढे ‘टू’ येते, ‘विथ’ येत नाही.

बदल हळूहळू होत असेल तर ‘गेटिंग’ वापरतात आणि त्याला मराठीतले ‘होत चालणे’ अगदी बरोबर लागू पडते. ‘इट्स गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार होत चालला आहे. ‘हिज इंग्लिश इज गेटिंग बेटर’ म्हणजे त्याचे इंग्रजी सुधारत चालले आहे. इथे ‘मला उशीर होतोय’ या वाक्याची एक जुनी अडचण येते. आपण ‘आय ॲम गेटिंग लेट’ म्हणतो. प्रमाण इंग्रजीत ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘आय ॲम लेट’ असे म्हणतात, आणि ‘इट्स गेटिंग लेट’ याचा अर्थ बराच वेळ झाला, रात्र होत आली, असा होतो.

आता या पायरीवरचा सर्वांत महत्त्वाचा इशारा. मराठीतले ‘होणे’ विशेषणालाही चालते आणि नामालाही: ‘तो श्रीमंत झाला’, ‘तो डॉक्टर झाला’. ‘गेट’ मात्र या अर्थाने फक्त विशेषणाला चालते. ‘ही गॉट रिच’ हे बरोबर आहे. ‘ही गॉट अ डॉक्टर’ असे म्हटले तर नाम पुढे आल्यामुळे वाक्य तिसऱ्या पायरीवर जाते आणि अर्थ ‘त्याने डॉक्टर आणला’ किंवा ‘त्याला डॉक्टर मिळाला’ असा होतो. डॉक्टर होणे, शिक्षक होणे, आई होणे, अध्यक्ष होणे या सगळ्यांसाठी ‘बिकम’ हवे: ‘ही बिकेम अ डॉक्टर.’

सगळीच विशेषणेही ‘गेट’ला मानवत नाहीत. भाजी खराब झाली तर ‘द व्हेजिटेबल्स वेंट बॅड’, दृष्टी गेली तर ‘वेंट ब्लाइंड’, केस पांढरे झाले तर ‘टर्न्ड ग्रे’ किंवा ‘वेंट ग्रे’ असे म्हणतात. यासाठी सरसकट नियम सांगता येत नाही. अशा जोड्या वाचता वाचता टिपून ठेवाव्यात.

पाचवी पायरी: पुढे ठिकाण आले तर ‘पोहोचणे’

‘आय गॉट टू पुणे ॲट नाइन’ म्हणजे मी नऊला पुण्याला पोहोचलो. पोहोचण्यासाठी इंग्रजीत तीन क्रियापदे नेहमी लागतात आणि तिन्हींचे वळण वेगळे आहे. ‘गेट’ला ‘टू’ हवे. ‘रीच’ला काहीच नको, म्हणजे ‘रीच टू पुणे’ हे चूक. ‘अराइव्ह’ला मोठ्या गावासाठी ‘इन’ आणि स्टेशन, कार्यालय अशा नेमक्या जागेसाठी ‘ॲट’. शिवाय ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्या आधी ‘गेट’लाही ‘टू’ लागत नाही: ‘आय गॉट होम लेट’, ‘हाउ डू आय गेट देअर?’

वाहनांत चढण्या-उतरण्याची भाषा याच पायरीवर शिकून घ्यावी. मराठीत आपण बसमध्येही चढतो आणि रिक्षातही बसतो, आणि उतरताना दोन्हींतून उतरतोच. इंग्रजीत मात्र वाहनाप्रमाणे शब्द बदलतो. ज्या वाहनात उभे राहून चालता येते, म्हणजे बस, रेल्वे, विमान, त्यासाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावे लागते आणि बसूनच राहावे लागते, म्हणजे मोटार, टॅक्सी, रिक्षा, त्यासाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. ज्यावर टांग टाकून बसतात त्या सायकल, मोटारसायकल आणि घोडा यांसाठी पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’ हे वाक्य मुंबईच्या लोकलमध्ये कोणालाही समजेल, कारण त्यामागे आपले ‘उतरणे’ उभे आहे आणि भारतीय इंग्रजीत ते पक्के रुजले आहे. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘आय ॲम गेटिंग ऑफ ॲट द नेक्स्ट स्टॉप’ असे म्हणावे. तिथे ‘गेट डाउन’ म्हणजे शिडीवरून, झाडावरून किंवा टेबलावरून खाली येणे, किंवा एखाद्याला ‘खाली वाक’ असे ओरडून सांगणे.

सहावी पायरी: ‘करून घेणे’ आणि ‘करायला मिळणे’

इथे मराठी भाषकाला मोठा फायदा आहे, कारण या दोन्ही रचना आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत.

काम दुसऱ्याने केले पण आपण ते करून घेतले, असे सांगण्यासाठी ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचे भूतकाळवाचक धातुसाधित असा क्रम येतो. ‘मी चष्मा दुरुस्त करून घेतला’ याचे ‘आय गॉट माय ग्लासेस रिपेअर्ड’ असे होते. ‘रक्त तपासून घ्या’ याचे ‘गेट युअर ब्लड टेस्टेड’ असे होते. मराठीत आपण ‘मी केस कापले’ असे सैलपणे म्हणतो, ते न्हाव्याने कापले हे सगळ्यांना ठाऊक असते. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर स्वतःच्या हाताने कात्री चालवली असा अर्थ होतो, म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणावे. हाच साचा नको असलेल्या घटनेसाठीही वापरतात. ‘ही गॉट हिज पॉकेट पिक्ट’ म्हणजे त्याचा खिसा कापला गेला. त्याने तो कापून घेतला नाही हे सांगण्याची गरज इंग्रजी श्रोत्याला पडत नाही, प्रसंगावरूनच ते कळते.

काम कोणाकडून करून घेतले हे सांगायचे असेल तर त्या माणसानंतर ‘टू’सह क्रियापद येते: ‘आय गॉट द प्लंबर टू कम ऑन संडे.’ यात मनवून, पाठपुरावा करून, रविवारी यायला लावले असा भाव आहे. ‘मेक’ वापरल्यास सक्तीचा भाव येतो आणि तिथे ‘टू’ नसते: ‘शी मेड हिम अपॉलोजाइज.’ ‘आय गॉट हिम कम’ अशी ‘टू’ गाळलेली वाक्ये फार ऐकू येतात. ही चूक वेळीच सुधारावी.

दुसरी रचना ‘गेट टू’ आणि पुढे क्रियापद अशी आहे, आणि तिचे मराठी रूप ‘करायला मिळणे’. ‘आय गॉट टू मीट द ऑथर’ म्हणजे मला लेखिकेला भेटायला मिळाले. यात संधी आणि आनंद दोन्ही आहेत. ‘आय मेट द ऑथर’ या साध्या वाक्यात ते येत नाहीत. ‘माझ्या मुलांना आजीजवळ राहायला मिळत नाही’ हे म्हणताना मनातली खंत इंग्रजीत नेमकी उतरवायची असेल, तर ‘माय चिल्ड्रन डोन्ट गेट टू स्टे विथ देअर ग्रँडमदर’ हेच वाक्य हवे. ‘माय चिल्ड्रन कॅनॉट स्टे’ म्हटले की खंत जाऊन नुसती अडचण उरते. ही रचना भारतातल्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत फारच कमी दिसते, आणि शिकणाऱ्याने ती आवर्जून आपलीशी करावी असे मला मनापासून वाटते.

कर्मणी प्रयोगातही ‘बी’ऐवजी ‘गेट’ येते: ‘ही गॉट हर्ट’, ‘दे गॉट कॉट’, ‘शी गॉट प्रमोटेड’. असा प्रयोग कर्त्याच्या वाट्याला काहीतरी बरेवाईट आले आहे अशा प्रसंगी शोभतो. ‘द ताजमहाल गॉट बिल्ट इन द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’ हे वाक्य म्हणूनच विचित्र वाटते, तिथे ‘वॉज बिल्ट’ हवे.

सातवी पायरी: ‘हॅव गॉट’ची गुंतागुंत

‘आय हॅव गॉट अ कार’ याचा अर्थ मला मोटार मिळाली असा नसून माझ्याकडे मोटार आहे असा आहे. बोलताना ‘आय हॅव’चे ‘आयव्ह’ होते, तो ‘व्ह’ इतका क्षीण असतो की ऐकणाऱ्याला आधार म्हणून ‘गॉट’ उपयोगी पडते. हा प्रयोग वर्तमानकाळापुरताच वापरावा. ‘माझ्याकडे मोटार होती’ याला नुसते ‘आय हॅड अ कार’ पुरते. प्रश्न विचारताना ब्रिटनमध्ये ‘हॅव यू गॉट अ पेन?’ आणि अमेरिकेत ‘डू यू हॅव अ पेन?’ हे अधिक ऐकू येते. दोन्ही बरोबर आहेत, मात्र त्यांची खिचडी करून ‘डू यू हॅव गॉट’ असे म्हणू नये.

अमेरिकन बोलीत आणखी एक सुरेख भेद टिकून आहे. ‘आयव्ह गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे मोटार आहे, आणि ‘आयव्ह गॉटन अ कार’ म्हणजे मी मोटार मिळवली आहे. ‘गॉटन’ हे रूप अशुद्ध किंवा अलीकडचे आहे असे काही जण समजतात, ते खरे नाही. ते इंग्लंडमधूनच अमेरिकेत गेले. ब्रिटनमध्ये ते मागे पडले आणि तिकडे राहिले. ब्रिटिश इंग्रजीतही ‘फर्गॉटन’ आणि ‘इल-गॉटन’ या शब्दांत ते शाबूत आहे.

‘हॅव गॉट टू’ याचा अर्थ मराठीतल्या ‘लागणे’ किंवा ‘पाहिजे’सारखा आहे. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला गेलेच पाहिजे. याच्याशेजारी सहावी पायरी ठेवून पाहावी. ‘आय गेट टू गो’ म्हणजे मला जायला मिळते, आणि ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावे लागते. एकीकडे संधी आहे आणि दुसरीकडे बंधन. सैल बोलण्यात ‘हॅव’ गळून ‘आय गॉटा गो’ उरते, त्यामुळे ‘आय गॉट टू’ कानावर पडले की संदर्भ पाहावा. काल घडलेल्या गोष्टीविषयी चालले असेल तर ‘मिळाले’, घाईने उठणाऱ्या माणसाच्या तोंडी असेल तर ‘पाहिजे’. लिहिताना ‘गॉटा’ वापरू नये.

आठवी पायरी: जोडशब्द

‘गेट’ला ‘अप’, ‘ओव्हर’, ‘बाय’, ‘थ्रू’ असे शब्द जोडून शेकडो वाक्प्रचार तयार होतात. नवशिक्याने त्यांतले थोडेच घ्यावेत आणि प्रत्येकाला मराठीतला एकच रुळलेला शब्द जोडून ठेवावा. ‘गेट अप’ म्हणजे उठणे. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे, जमणे. ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागवणे. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. ‘गेट थ्रू’ म्हणजे पार पडणे, आणि फोनच्या संदर्भात फोन लागणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे वावगे वागूनही ते पचून जाणे. ‘गेट अराउंड टू’ म्हणजे सवड होणे. ‘गेट बॅक टू’ म्हणजे नंतर कळवणे, आणि कार्यालयात तर याच्याशिवाय पान हलत नाही: ‘आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे.’

सर्वनाम कुठे ठेवायचे एवढी एकच गोष्ट इथे सांभाळावी. ‘गेट बॅक’ म्हणजे परत मिळवणे यात ते मध्ये येते, ‘गेट इट बॅक’. ‘गेट ओव्हर’मध्ये ते शेवटी येते, ‘गेट ओव्हर इट’.

नववी पायरी: कुठे वापरू नये

१०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, आणि ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ असे शब्द त्या वाटेने इंग्रजीत आले. त्यांना आजही कागदोपत्री प्रतिष्ठा आहे, आणि ‘गेट’ला घरगुती मोकळेपणा आहे. मराठीत ‘आपले पत्र प्राप्त झाले’ आणि ‘तुझे पत्र मिळाले’ यांत जो फरक आहे तोच इथे आहे. अर्जात, अहवालात किंवा शोधनिबंधात ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’, ‘परमिशन वॉज ऑब्टेन्ड’, ‘द सिच्युएशन बिकेम वर्स’ असे लिहावे. सहकाऱ्याशी, शेजाऱ्याशी, दुकानदाराशी बोलताना मात्र ‘गेट’च स्वाभाविक वाटते. घरातल्या माणसाला ‘आय ऑब्टेन्ड सम मिल्क’ असे सांगणे अवघडल्यासारखे वाटते. शिवाय प्रत्येक ‘गेट’ला भारदस्त पर्याय बसतोच असे नाही. ‘आय गॉट अँग्री’ ऐवजी ‘आय रिसीव्ह्ड अँग्री’ असे काही होऊ शकत नाही, तिथे ‘बिकेम’ हवे. पर्याय निवडतानाही पुढे काय आले आहे हेच पाहावे: नाम असेल तर ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’, विशेषण असेल तर ‘बिकम’, ठिकाण असेल तर ‘रीच’ किंवा ‘अराइव्ह’.

सराव कसा करावा

वहीत ‘गेट’साठी वेगवेगळी पाने ठेवावीत: नाम, विशेषण, ठिकाण, करून घेणे, करायला मिळणे, हॅव गॉट आणि जोडशब्द. वाचताना किंवा ऐकताना ‘गेट’ भेटले की त्याच्या पुढचा शब्द पाहून ते वाक्य योग्य पानावर लिहावे. काही वाक्ये कोणत्या पानावर जातील याचा विचार करावा लागेल, आणि खरा अभ्यास त्या विचारातच होतो.

त्यानंतर स्वतःच्या दिवसाचे मराठी वर्णन घेऊन ते इंग्रजीत उतरवावे. नमुन्यादाखल हा उतारा पाहा: ‘मी सहाला उठतो. आवरून सातपर्यंत डोंबिवली स्टेशनला पोहोचतो. गाडीत चढल्यावर बसायला जागा मिळत नाही, पण ठाण्यानंतर कधी कधी बसायला मिळते. दादरला उतरतो. काल मला घड्याळ दुरुस्त करून घ्यायचे होते, पण अंधार होत चालला होता आणि घरी जायलाच हवे होते.’

याचे इंग्रजी असे होईल: ‘आय गेट अप ॲट सिक्स. आय गेट रेडी अँड गेट टू डोंबिवली स्टेशन बाय सेव्हन. आय डोन्ट गेट अ सीट व्हेन आय गेट ऑन द ट्रेन, बट समटाइम्स आय गेट टू सिट आफ्टर ठाणे. आय गेट ऑफ ॲट दादर. येस्टरडे आय वाँटेड टू गेट माय वॉच रिपेअर्ड, बट इट वॉज गेटिंग डार्क अँड आय हॅड टू गेट होम.’

यातले प्रत्येक ‘गेट’ वेगळ्या रंगाने अधोरेखित करून त्याचे पान ठरवावे. ‘गेट अ सीट’ आणि ‘गेट टू सिट’ यांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्यात नाम आहे म्हणून जागा मिळते, दुसऱ्यात क्रियापद आहे म्हणून बसायला मिळते. ‘गेट टू डोंबिवली’ आणि ‘गेट टू सिट’ यांत ‘टू’ दिसायला सारखेच आहे, पण एकापुढे गाव आहे आणि दुसऱ्यापुढे क्रिया. शेवटच्या वाक्यात ‘हॅव गॉट टू’ भूतकाळात जाताना ‘हॅड टू’ झाले आहे आणि ‘होम’च्या आधी ‘टू’ आलेले नाही. आपला उतारा लिहून झाल्यावर एवढ्या जागा तपासाव्यात, आणि ‘गेट’च्या पुढे डॉक्टर, शिक्षक, व्यवस्थापक असे पद आले असेल तर तिथे ‘बिकम’ घालून वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणून पाहावे.